उलटी लावलेली कार्डं

गोपीनाथ शेजवलकर या माणसाचा मी एकोणीस वर्षं राग केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ‘तुम्ही त्यांच्यावर अन्याय करताय’ म्हणायला नको. तोंडावर मी त्याला ‘शेजवलकर सर’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात कायम अरे-तुरेच होतं, आणि इथंही तसंच लिहिणार आहे.

दुबईत, जबल अलीत आमची कंपनी आहे. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींची पॅनेलं बनवायची आणि बसवायची, हा धंदा. ऑफिसात पंधरा-वीस माणसं, बाकीची सगळी साइटवर. शेजवलकर ॲडमिन सांभाळायचा, पण त्याची खरी नोकरी एकच होती, ती म्हणजे कंपनीचा शिक्का. या देशात ज्यांनी नोकरी केलेली नाही त्यांना याचा अर्थ कळायचा नाही. इथं कागदावर सही कुणाची आहे हे कुणी बघत नाही, शिक्का आहे का ते बघतात. पगाराचा दाखला, घरभाड्याचं पत्र, मुलाच्या शाळेची एनओसी, बँकेचा फॉर्म, काहीही असो; शिक्का नसेल तर काउंटरवरचा माणूस कागदाला हातसुद्धा लावत नाही. आणि आमच्या कंपनीचा तो गोल निळा शिक्का शेजवलकरच्या कमरेला, किल्ल्यांच्या शेजारी, एका कातडी पाकिटात असायचा. जेवायला सोबत, संडासला सोबत.

शिक्का हवा असेल तर कागद त्याच्या टेबलावरच्या डाव्या ट्रेमध्ये ठेवायचा. मग तो नंबरानं येणार. नंबर आला की तो कागद शाळामास्तरसारखा वाचणार, एखादा पूर्णविराम राहिला असेल तर पेन्सिलनं गोल करून परत देणार, आणि तो कागद पुन्हा ट्रेच्या तळाशी. मालकांच्या पुतण्यालाही त्यानं दोनदा तळाशी घातलं होतं. शिक्क्याचं एक रजिस्टर त्यानं स्वतःच्या डोक्यानं सुरू केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कधी तपासलंही नाही. दर गुरुवारी दुपारी तो कानात घालायच्या कापसाच्या काडीनं शिक्क्याची अक्षरं साफ करायचा. बायका देवघरातली भांडी घासतात तसं अगदी मन लावून.

लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणायचा, जणू एखादा फॉर्म भरायचा राहिला होता. मूळचा पुण्याचा, पण पुण्यात त्याचं कुणी उरलं असावं असं वाटत नव्हतं. राहायला उम्म अल कुवैनला, एका खोलीत. तिथून पहाटे साडेचारला उठून, एका ओळखीच्या गाडीनं शारजापर्यंत आणि मग कंपनीच्या बसनं जबल अली. तरी रोज सगळ्यांच्या आधी हजर. पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. ऑगस्टातसुद्धा.

या माणसाला एक नाद होता, आणि तोही शिक्क्यांचाच. बारा वर्षांपूर्वी तो अबू धाबीच्या खलिफा सिटीत एका अमेरिकन इंजिनियरच्या व्हिलावर काम पूर्ण झाल्याची सही घ्यायला गेला होता. तो अमेरिकन कायमचा मायदेशी निघाला होता आणि गॅरेजात सामान विकायला मांडलेलं होतं. सहीची वाट बघत बसलेल्या शेजवलकरनं बुटांच्या एका खोक्यात हात घातला. आत जुनी बेसबॉलची कार्डं होती. पत्त्यांएवढी, जाड पुठ्ठ्याची, पन्नास-साठच्या दशकातली. पुढं टोपी घालून, खांद्यावर बॅट घेऊन उभा असलेला खेळाडू, मागं बारीक अक्षरांत त्याची कामगिरी. त्यातल्या एका कार्डाच्या मागं, आकड्यांवरच, जांभळ्या शाईचा शिक्का होता. कुठल्याशा खेड्यातल्या न्हाव्याच्या दुकानाचा. झालं. ‘शंभर दिऱ्हमला घेतलं खोकं, म्हणजे तेव्हाचे सोळाशे रुपये,’ हे तो इतक्या वेळा सांगायचा की तो हिशेब मला झोपेतही म्हणता आला असता.

त्यानंतर तो फक्त मागं शिक्का असलेली कार्डं जमवत गेला. त्या छंदातले शहाणे लोक अशा कार्डांना नाकं मुरडतात म्हणे, कारण मागं शाई लागली की कार्ड खराब झालं. म्हणून याला ती स्वस्तात मिळायची. पोस्टानं यायची, कधी दुबईतल्या जुन्या बाजारात सापडायची. औषधाच्या दुकानाचा शिक्का, चर्चच्या सहलीचा, कुणा पोरानं स्वतःच्या नावाचा करून घेतलेला, एका लाँड्रीचा. अशी एकेचाळीस कार्डं त्यानं बारा वर्षांत जमवली होती. अल्बमात सगळी उलटी लावलेली. पानं चाळा, एकाही खेळाडूचं तोंड दिसणार नाही. मी एकदा एक कार्ड सुलटं करून विचारलं, ‘हा कोण, सर?’ तर म्हणाला, ‘असेल कुणी टोपीवाला.’ बेसबॉलात किती माणसं खेळतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांत लाडकं कार्ड एकच होतं. त्याच्या मागं एका अमेरिकन जिल्ह्याच्या वजनमापं तपासणी कार्यालयाचा अंडाकृती शिक्का होता: तपासलं, योग्य आहे. सरकारी शिक्का, खेळण्यावर! शेजवलकरला याचं फार नवल वाटायचं. ‘कुणी मारला असेल, मॅडम? एखाद्या कारकुनानं? पोराच्या हट्टापायी? पकडला असता तर नोकरी गेली असती.’ हे बोलताना त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. एरवी मी तो सैल झालेला पाहिला नाही.

यंदा त्याची साठी झाली. महिनाअखेर व्हिसा कॅन्सल, तिकीट पुण्याचं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं नशीब उघडलं. अमेरिकेत हॅरल्ड नावाचा एक निवृत्त शिक्षक अशाच शिक्केवाल्या कार्डांवर पुस्तक तयार करत होता. याची आणि त्याची दोन वर्षं पत्रापत्री चालू होती. हॅरल्ड सहलीला निघणार होता आणि वाटेत एक दिवस दुबईला थांबणार होता, गुरुवारी. एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डं तो बरोबर नेणार होता, पुस्तकात छापणार होता आणि प्रत्येकाखाली लिहिणार होता: गोपीनाथ शेजवलकर यांच्या संग्रहातून. शेजवलकरनं मला तो ईमेल प्रिंट काढून दाखवला. म्हणाला, ‘चाळीस वर्षं कागदांवर दुसऱ्यांचीच नावं तपासली, मॅडम. आता एका ठिकाणी माझं येईल.’

कुणी दुसऱ्यानं असं सांगितलं असतं तर मला मनापासून बरं वाटलं असतं. शेजवलकरच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

कारण सांगते. चार वर्षांपूर्वी माझे वडील साताऱ्यात वारले. भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. व्हिसाच्या रिन्युअलसाठी माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता आणि तो सोडवायला शिक्क्याचं पत्र लागायचं. मी रडत रडत पत्र टाइप केलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ट्रेकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ‘सर, वडील गेलेत माझे.’ तो म्हणाला, ‘वाईट झालं. पत्र ठेवा, घेतो लगेच.’ दहा मिनिटांनी त्यानं ते परत दिलं. पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला होता. पेन्सिलनं गोल केलेला. शुक्रवार होता, इथं त्या दिवशी अर्धाच दिवस ऑफिस असतं; मी पुन्हा टाइप करून आणेपर्यंत नमाजची वेळ झाली, तिजोरीची दुसरी किल्ली असलेले अकाउंटंट घरी गेले, ऑफिस बंद झालं ते सोमवारपर्यंत. मी साताऱ्याला पोहोचले तेव्हा भाऊ अस्थी घेऊन आला होता. आकडा मीच चुकवला होता, हे मला मान्य आहे. पण एखाद्या माणसानं त्या दिवशी तो आकडा पेनानं दुरुस्त करून शिक्का मारला असता. एखाद्या माणसानं, म्हणतेय मी.

तर आता या महिन्याची गोष्ट. सोमवारी सकाळी शेजवलकरला दोन दिवसांसाठी अबू धाबीला पाठवायचं ठरलं. एका सरकारी टेंडरची रांग होती आणि तिथं कंपनीचा जाणकार माणूसच उभा राहायला हवा होता. इकडे जबल अलीत त्याच टेंडरच्या दीडशे प्रतींच्या मागं शिक्के मारायचे होते. म्हणजे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शिक्का त्याच्या कमरेवरून उतरणार होता. मी गृहीतच धरलं होतं की तो माझ्याकडे देणार. ऑफिसात माझ्याएवढं जुनं दुसरं होतं कोण?

त्यानं शहनाझला बोलावलं. शहनाझ भोपाळची, पंचेचाळिशीची बाई. नवऱ्याची नोकरी गेल्यामुळं बऱ्याच वर्षांनी पुन्हा कामाला लागलेली. आमच्याकडे येऊन पाच आठवडे झाले होते, प्रोबेशनवर होती. माझ्यासमोर त्यानं ते कातडी पाकीट तिच्या हातात ठेवलं.

‘शहनाझजी, लेफ्ट ट्रे में जो भी होगा, सब के पीछे दो स्टॅम्प. एक गोल, एक ओरिजिनल सीन. बस.’

‘ओरिजिनल सीन’ हा चौकोनी शिक्का झेरॉक्स प्रतींवर मारतात. मूळ कागद आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, असा त्याचा अर्थ.

‘सर, मी आहे ना इथं,’ मी मराठीत म्हटलं.

‘शिक्का मारणाऱ्यानं विचार करायचा नसतो, मॅडम. तुम्ही विचार करता.’

एवढं बोलून तो घाईघाईनं निघाला, कारण खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि ‘यल्ला सर, यल्ला’ करत होता. आणि त्या घाईत त्यानं आयुष्यातली पहिली चूक केली. सकाळी त्यानं हॅरल्डला पाठवायला कार्डं अल्बममधून काढून स्कॅन केली होती. स्कॅनरवरून उचललेला तो गठ्ठा ड्रॉवरमध्ये जायचा तो डाव्या ट्रेमध्ये गेला. टेंडरच्या प्रतींच्या खाली.

दुपारी तीनच्या सुमाराला शहनाझ माझ्या टेबलाशी आली. हातात कार्डं होती.

‘मॅडम, ये फोटोवाले कार्ड भी ट्रे में हैं. इन पे भी लगाना है क्या?’

मी कार्डांकडे पाहिलं. माझ्या लगेच ध्यानात आलं. सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलंही होतं, हे खोटं नाही. पण पोटातलं काहीतरी त्याच्या आधी बोललं.

‘सर ने क्या बोला था? ट्रे में जो है, सब के पीछे. तो लगाओ.’

ती गेली. मी माझ्या खुर्चीवरून बघत होते. ती शिक्का पॅडवर टेकवायची, कार्डावर ठेवायची, उचलायची. टक, टक. टेंडरचं काम असावं तसं, अतिशय नीट. न्हावी गेला, लाँड्री गेली, चर्चची सहल गेली. प्रत्येकावर आमचा गोल निळा शिक्का आणि शेजारी ‘ओरिजिनल सीन’. मी उठून तिच्याजवळ गेले. गठ्ठ्यात शेवटी ते वजनमापंवालं कार्ड उरलं होतं.

‘द्या इकडे, हे मी करते,’ मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण तिला कळलं. एकोणीस वर्षांत तो शिक्का मी पहिल्यांदा हातात धरला. लाकडी मूठ घामानं गुळगुळीत झालेली होती. मी तो त्या अंडाकृती शिक्क्याच्या बरोबर वर ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

घरी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. शैलेंद्र आधी हसला, मग म्हणाला, ‘अगं, महिन्याभरात चाललाय तो माणूस. जाऊ द्यायचं होतंस.’ वैभवी, आमची मुलगी, फोनमधून मान वर करून म्हणाली, ‘आई, दॅट्स रिअली क्रूएल. लाइक, रिअली.’ मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांचं तोंड मला शेवटचं बघायला मिळालं नाही, ते काय होतं? ती म्हणाली, ‘आय नो. बट स्टिल.’ मी दुसरी पोळी घेतली नाही.

बुधवारी सकाळी शेजवलकर आला. ड्रॉवर उघडला, मग अल्बम उघडला. मग त्याची मान हळूच डाव्या ट्रेकडे वळली. कार्डं शहनाझनं तिथंच, सुबक गठ्ठा करून, रबर लावून ठेवली होती.

तो ओरडेल म्हणून मी तयार होते. त्याच्या ओरडण्याला द्यायची उत्तरं मी बसमध्ये पाठ केली होती. तो ओरडला नाही. त्यानं एकेक कार्ड टेबलावर उलटं मांडलं, आठ-आठच्या ओळी केल्या, शेवटचं एक वेगळं ठेवलं, आणि उभ्यानंच बघत राहिला. मग म्हणाला, ‘किसने किया?’

शहनाझ खुर्चीतून उठली. चूक झाली एवढं तिला कळलं होतं. प्रोबेशनवरच्या माणसाला इथं काढायचं तर कारणही द्यावं लागत नाही.

‘मैंने, सर. ट्रे में थे.’

‘किसी ने बोला?’

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. ‘नहीं सर. ट्रे में थे, इसलिए.’

पाच आठवड्यांच्या ओळखीवर त्या बाईनं मला झाकलं. मी मात्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर लावून बसले.

शेजवलकरनं फोनवर फोटो काढून हॅरल्डला पाठवले, खाली दोन ओळी लिहिल्या. अमेरिकेत तेव्हा रात्र होती, पण म्हातारा जागाच असावा. दहा मिनिटांत उत्तर आलं. शहनाझनं ते त्याच्या परवानगीनं मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता तिचा आवाज उजळत गेला. हॅरल्ड खूश झाला होता. अमेरिकन कार्डावर आखातातल्या कंपनीचा शिक्का त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सगळी कार्डं घेतो, म्हणाला. यासाठी पुस्तकात वेगळं प्रकरण करतो. उद्या भेटू.

‘अल्लाह का शुक्र है, सर!’ शहनाझ म्हणाली आणि खुर्चीत बसलीच.

आणि माझा काय जळफळाट झाला म्हणून सांगू! मी चार वर्षं मनात धरलेला राग एका शिक्क्यात ओतला होता आणि त्याचं या माणसाला बक्षीस मिळत होतं. आता एक अख्खं प्रकरण त्याच्या नावावर. मला वाटलं, देव म्हणून कुणी असलाच तर तो याच्याच ट्रेमधला कागद आधी उचलतो.

शेजवलकर मात्र हसला नाही. त्यानं फोन पालथा ठेवला. खालच्या ड्रॉवरमधून एक लांबट लाल शिक्का काढला आणि लाल पॅड उघडलं. तो शिक्का मी ओळखत होते. ‘कॅन्सल्ड.’ बोटभर उंचीची अक्षरं.

‘सर, काय करताय?’ हे मीच विचारलं.

‘कंपनीचा शिक्का आहे, मॅडम. हाच शिक्का बँकेत नोंदलेला आहे, कोर्टात आहे, मंत्रालयात आहे. अशा एकेचाळीस कागदांवर तो देशाबाहेर जाणार. उद्या कुणी त्याच्यावर काय छापील?’

‘त्या कार्डांवर कोण काय छापणार आहे? आणि हॅरल्डला चालतंय ना!’

‘त्याला चालतंय. वर लिहिलंय, ओरिजिनल सीन. कुणी पाहिलं ओरिजिनल? काय पाहिलं? खोटं आहे ते.’

‘सर, तुमचं नाव येणार होतं पुस्तकात,’ मी म्हटलं. माझ्या तोंडून हे निघतंय यावर माझाच विश्वास बसत नव्हता. ‘उद्यापर्यंत थांबा. निदान फोन करून विचारा त्याला.’

‘अनधिकृत शिक्का दिसला की त्याच दिवशी रद्द करायचा. उद्या नाही. आणि रद्द कागद ऑफिसाबाहेर जात नाही.’

त्यानं पहिलं कार्ड समोर ओढलं आणि लाल शिक्का मारला. न्हाव्याचा जांभळा शिक्का त्या लाल अक्षरांखाली दिसेनासा झाला. मग पट्टी घेऊन दोन तिरक्या रेघा. मग दुसरं. मी कितीतरी वर्षं त्या माणसाला काम करताना पाहत होते, पण इतकं सावकाश काम करताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक कार्ड रद्द करण्याआधी तो ते क्षणभर डोळ्यांजवळ धरायचा. चाळीस कार्डं व्हायला तास गेला असेल. त्या तासात कुणी चहा मागितला नाही, कुणी फोन उचलला नाही. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि होऊ नये असं वाटत होतं.

मग त्यानं रजिस्टर उघडलं. रद्द केलेल्या शिक्क्यांसाठी त्यात शेवटची पानं राखून ठेवलेली होती. तारीख, कागद, शिक्का मारणाऱ्याची सही, कारण, मंजुरी, असे रकाने. शहनाझला बोलावून त्यानं चाळीस ओळींवर सह्या करायला लावल्या. कारणाच्या रकान्यात त्यानं स्वतःच लिहिलं: कागद चुकीच्या ट्रेमध्ये ठेवला गेला, चूक गो. शेजवलकर यांची. पुढं मंजुरीची सही. शहनाझ डोळे पुसत सह्या करत होती. ‘सर, मेरा प्रोबेशन...’ असं काहीतरी म्हणाली. ‘उसमें आपकी गलती नहीं लिखी है. कोई नहीं निकालेगा. खलास,’ तो म्हणाला.

एक कार्ड उरलं होतं. ते त्यानं भिंगाखाली धरलं. मग उठला, माझ्या टेबलाशी आला आणि कार्ड आणि रजिस्टर दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

‘हा शिक्का शहनाझचा नाही,’ तो हलक्या आवाजात म्हणाला. ‘त्या चाळीस शिक्क्यांत शाई सगळीकडे सारखी आहे. नुसता टेकवून उचललाय. याची शाई कडेला साचलीय, पुठ्ठा आत दबलाय. असा शिक्का फक्त रागानं उठतो, मॅडम. ज्यानं मारला त्यानं सही करायची.’

मी नाही म्हणू शकले असते. शहनाझ मागं उभी होती. तिनंच मारला म्हटलं असतं तर तिनं तेही मान्य केलं असतं. मी पेन घेतलं आणि एकेचाळिसाव्या ओळीवर सही केली.

‘कारण,’ तो म्हणाला.

‘तुम्हीच लिहा. बाकीच्यांचं लिहिलंत तसं.’

‘त्यांचं मला माहीत होतं.’

चार वर्षं मी हे त्याच्या तोंडावर बोलायचं ठरवत होते. कधी बसमध्ये, कधी आंघोळ करताना, मोठ्यानं बोलूनही पाहिलं होतं. त्यात शिव्या होत्या, शाप होते. त्या एवढ्याशा रकान्यात काहीच मावेना. मी मराठीत लिहिलं: माझे वडील गेले तेव्हा याच शिक्क्यापायी मी वेळेवर पोहोचले नाही.

रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, ‘घाला आता तळाशी. पूर्णविराम आहे का बघा.’

त्यानं वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आता हा नियम सांगणार, आकडा चुकला होता म्हणणार, अशी मी वाट बघत होते. त्यानं म्हणायलाच हवं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

पहिल्या रकान्यात तारीख लिहायची मी विसरले होते. त्यानं पेन उघडलं आणि आपल्या बारीक अक्षरात ती लिहिली. आजची नाही. अठरा मार्च, आणि वर्षही बरोबर, चार वर्षांपूर्वीचं. मी ज्या दिवशी ते पत्र त्याच्या हातात दिलं होतं, त्या दिवसाची. मग मंजुरीच्या रकान्यात सही केली, कार्ड लाल शिक्क्यानं रद्द केलं आणि बाकीच्या चाळिसांवर नेऊन ठेवलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाबांसाठी रडले की त्या माणसासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या असत्या तर माझा राग मला पुरता उरला असता, आणि तो त्यानं माझ्याकडे ठेवला नाही, याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.